निम्मं तुमचं, निम्मं आमचं

हायकानुशने खाशचा बेत केला, तेव्हाच अर्पेनिकने ओळखलं की आई भांडायला बसणार आहे. ताशच्यानांच्या घरात समेट करायचा असला की चहा-बिस्किटांवर भागायचं. भांडण ठरलेलं असलं की गायीचे पाय आणून ते रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवायचे. खाशच्या टेबलावरून कुणी मधूनच उठून जात नाही. हाताला चिकटा लागलेला, तोंडाला लसणाचा वास, पुढ्यात वोडका. अशा अवतारात दार आपटून निघून जाणं शोभत नाही. हायकानुशला हे चांगलं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याच्या वाटण्या, धाकट्या दिराचं लग्न, अर्पेनिकचं सासरहून परत येणं, सगळं याच टेबलावर निकालात निघालं होतं.

आज पाळी होती हायकानुशच्या चार वर्षांच्या नातवाच्या, सामोच्या तापाची.

“लसूण बारीक कुट,” हायकानुश म्हणाली. “व्हानाझोरच्या लोकांना भरड चालतो. आपल्याला नाही.”

“मग व्हानाझोरच्या लोकांसाठीच कुटतेय ना मी,” अर्पेनिक म्हणाली.

“म्हणूनच बारीक कुट. शिकू देत काहीतरी.”

व्हानाझोरचे लोक म्हणजे एकटे तेलमान, हायकानुशच्या सुनेचे, रूझानचे वडील. बायको थोरल्या लेकीकडे रशियात होती, त्यामुळे ते मनसोक्त तोरा मिरवायला मोकळे होते. आदल्या आठवड्यात त्यांनी फोन करून जावयाला बजावलं होतं: एक तर पोराला गोळी सुरू करा, नाही तर मी येऊन लेक आणि नातू दोघांनाही घेऊन जातो. जावयाने “बरं” म्हणून फोन ठेवला. जावई म्हणजे अर्पेनिकचा धाकटा भाऊ व्रेझ. तो सगळ्यांनाच “बरं” म्हणायचा. त्याच्या नावाचा अर्थ सूड. पण हा सूड आईसमोर चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचा.

गोळी घरात होती. हायकानुशच्या एप्रनच्या खिशात. अर्पेनिक आणि रूझान येरेवानहून परतल्या त्याच दिवशी तिने गोळ्यांची नळी सुनेच्या हातातून काढून घेतली होती. “कशापासून करतात हे?” तिने विचारलं, आणि रूझान बिचारी खरं बोलली. पानगळीत माळावर जांभळं फूल येतं ना, त्याच्या कांद्यापासून.

“ते खाऊन बकऱ्या मरतात,” हायकानुश म्हणाली. “धनगराच्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तू माझ्या नातवाला चारायला निघालीस.”

तो विषय तिथेच मिटला होता. म्हणजे, तिच्यापुरता.

सामोचा ताप दोन वर्षं जुना होता. तो यायचा तोच मुळी भडकून. सकाळी अंगणात कोंबड्यांमागे धावणारं पोर दुपारी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. अंग तव्यासारखं तापायचं, पोटाला हात लावू द्यायचं नाही. दीड-दोन दिवसांत सगळं ओसरायचं आणि स्वारी पुन्हा कोंबड्यांमागे. चार आठवडे बरे जायचे, कधी दोनच, आणि पुन्हा तेच. आर्तिकच्या डॉक्टरने आधी घसा म्हटलं, मग जंत म्हटलं, मग पुन्हा घसा म्हटलं. मग एका शल्यविशारदाने अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं आणि चांगलं धडधाकट अपेंडिक्स काढून टाकून छाती फुगवून घरी गेला. महिन्याभरात ताप परत आला. हायकानुशने दृष्ट काढायला पोराच्या डोक्यावर भांडं धरून त्यातल्या पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं आणि थिजलेल्या गोळ्यात शेजारणीचा चेहरा पाहिला. बाकी सगळ्यांनी डॉक्टरांचे उपाय आणि तिचा उपाय एकाच पारड्यात तोलले, आणि अर्पेनिकला वाटलं, यात तरी आपल्या लोकांची फारशी चूक नाही.

येरेवानच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं नाही की घसा पाहिला नाही. नुसते प्रश्न विचारत राहिल्या. रूझानचं आणि पोराचं रक्त तपासलं. आजाराला त्यांनी लांबलचक नाव सांगितलं; लोक मात्र त्याला येरेवानचा आजार म्हणायचे. ताप हे नुसतं तोंड, त्या म्हणाल्या. खरी भीती आतली. वर्षानुवर्षं हे असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं जातात. रोज एक गोळी, जन्मभर. मग बहुतेक काही होत नाही.

“येरेवानचा आजार येरेवानच्यांना होतो,” हायकानुशने निकाल दिला होता. “आम्ही आर्तिकचे.”

*

तेलमान आले ते टाय लावून. खाश खायला टाय लावून येणारा माणूस अर्पेनिकने पहिल्यांदाच पाहिला. रेल्वेत ते स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दारातून आत पाऊल टाकताना अजून गाडी सोडल्यासारखा हात वर करायचे.

“या, व्याहीबुवा,” हायकानुश म्हणाली. “रस्ता कसा होता?”

“खड्डे. तुमच्या हद्दीत शिरल्यापासून.”

“आमच्याकडून दगड नेऊन तुमचं शहर बांधलंय. खड्डे राहणारच मागे.”

पहिला डाव दोघांनी बरोबरीत सोडवला आणि मंडळी बसली. टेबलाच्या डोक्याशी ह्राच, अर्पेनिकच्या वडिलांचा धाकटा भाऊ. खाश असलं की चषकापूर्वीचे चार शब्द बोलायचा मान त्याचाच. खाणीत मुकादम होता. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे आणि ते मोठ्या आवाजात असे. त्याने पहिला चषक सुप्रभातीचा उचलला, दुसरा ज्यांनी हे पाय शिजवले त्या हातांचा. मग सगळ्यांनी वाळका लवाश, कागदासारखा पातळ पाव, चुरून वाडग्यात टाकला, वर लसूण घातला, आणि थोडा वेळ फक्त भुरके मारल्याचे आवाज येत राहिले.

रूझान बसलीच नव्हती. सामोला सकाळपासून मरगळ होती. ती आतल्या खोलीत आणि बाहेर अशा येरझारा घालत होती. दर वेळी ती सासूच्या एप्रनच्या खिशाकडे पाहायची. अर्पेनिकच्या ते लक्षात येत होतं, तेलमानच्याही. लक्षात येत नव्हतं ते फक्त व्रेझच्या, कारण तो वाडग्यात हाडं मोजत बसल्यासारखा खाली मान घालून बसला होता.

“तिसरा चषक,” ह्राच म्हणाला, “आपल्या सामोच्या तब्येतीचा. पोराला हवा आणि दूध, दोनच गोष्टी लागतात. आम्ही सहा भावंडं, एकालाही डॉक्टर माहीत नव्हता.”

“त्यातले चार गेले ना?” तेलमाननी विचारलं.

“ते भुकेने गेले. आजाराने नाही.”

“असं होय.”

हायकानुशने पाव पुढे सरकवला. “व्याहीबुवा, लाजू नका. तुमच्याकडे खाश होत नाही ना. कारखान्याच्या धुरात कशालाच चव येत नसेल.”

“धुराचा विषय आता काढलातच,” तेलमान म्हणाले, आणि त्यांनी टायवर रुमाल नीट पसरला, “तर बोलूनच टाकू. तुम्ही गावभर सांगता की माझ्या लेकीने हा ताप माहेरहून आणला. कारखान्याच्या धुरातून.”

“मी गावभर नाही सांगत. कुणी विचारलं तर सांगते.”

“आमच्या घरात असला ताप कुणालाही नाही. माझे वडील ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. मुळात तुमच्याच घरात दगडाची पूड खाऊन पिढ्या गेल्यात. कुणाच्या रक्तात काय घुसलंय कोण जाणे.”

“ताशच्यानांच्या रक्तात काही घुसत नाही,” हायकानुश म्हणाली. “कत्तलीतून वाचून कार्सहून चालत आलेलं रक्त आहे हे. वाटेत जे कच्चं होतं ते वाटेतच गळलं.”

अर्पेनिकने हातातला लवाश खाली ठेवला. हे वाक्य तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की कार्सपासूनची सगळी वाट तिला कच्च्या नातेवाइकांनी भरलेली दिसायची. आणि समोर बसलेले व्याही तिला तसूभरही शहाणे वाटत नव्हते. एकाला स्वतःच्या बापाच्या वयाचा गर्व, दुसरीला नवऱ्याच्या आजोबांच्या पायपिटीचा. पोर आत विव्हळत होतं आणि ही दोघं रक्ताची जत्रा भरवून बसली होती.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय,” ती म्हणाली. “एकाकडून येऊन हा आजार होत नाही. निम्मा आईकडून यावा लागतो, निम्मा बापाकडून. दोन्ही निम्मे एकाच पोरात पडले तर. आईबापांना स्वतःला काही होत नाही.”

“व्रेझला कधी साधं पडसं तरी झालंय?” हायकानुशने विचारलं.

“तेच तर म्हणतेय मी.”

“तुझी ती डॉक्टरीण दोन्ही घरांना खूष ठेवते. फी दोन्हीकडून मिळते ना.”

“माझ्याकडून काही निम्मंबिम्मं नाही,” तेलमान घाईने म्हणाले. “ते त्या बाईंनी सरसकट म्हटलं असेल. गोळी द्या एवढंच माझं म्हणणं. कुठून आलं ते आम्हाला ठाऊक आहे.”

“बघा,” हायकानुश ह्राचकडे वळून म्हणाली, “यांनाही पटलेलं नाही.”

आणि त्या एका मुद्द्यावर दोघांचं इतकं एकमत झालं की ह्राचने त्यावर चषक उचलायला हात पुढे केला. अर्पेनिकने बाटली उचलून दुसरीकडे ठेवली.

*

तेवढ्यात रूझान दारात आली. तिच्या हाताला पाणी लागलं होतं, केस कपाळाला चिकटले होते.

“चढला,” ती म्हणाली. “पोटही दुखायला लागलं.”

हायकानुश उठली. या कामात ती तरबेज होती, हे अर्पेनिकलाही मान्य करावं लागे. व्हिनेगरचं पाणी, दोन फडकी, पायांना वोडका. ती आत गेली आणि तिच्या पाठोपाठ सगळे त्या छोट्या खोलीत घुसले, जणू पोराला हवा लागत नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं. सामो भिंतीकडे तोंड करून पडला होता. गाल लाल, ओठ कोरडे. आजीचा हात पोटाजवळ येताच तो ओरडला नाही. नुसता आणखी लहान झाला.

“आई,” रूझान म्हणाली, “गोळ्या द्या मला.”

“त्याने आत्ता ताप उतरणार आहे का?”

“नाही. आत्ता नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ताप त्याच्या वेळेनेच उतरेल. पण गोळी रोज सुरू केली तर पुढचा येणार नाही.”

“म्हणजे आत्ता उपयोग नाही. मग आत्ता कशाला मागतेस?”

रूझान सासूकडे बघत राहिली. सहा वर्षं या घरात काढलेली पोरगी. आर्तिकच्या पाण्याला नावं न ठेवता, कारखान्याच्या धुरावरचे टोमणे गिळून राहिलेली. अर्पेनिकला ती आजवर थोडी मिळमिळीतच वाटत आली होती; आपल्या भावाला शोभेल अशी.

“बरं,” रूझान म्हणाली. “माझ्याकडून आलाय. सगळाच्या सगळा. व्हानाझोरहून, धुरातून, माझ्या वडलांच्या रक्तातून, तुम्ही म्हणाल तिथून. चर्चच्या दारात उभी राहून सांगते, बाजारात सांगते. ताशच्यानांचा यात काही संबंध नाही. आता द्या.”

“रूझान,” तेलमान म्हणाले, “हे काय बोलतेस? माझ्या वडलांना ब्याण्णव वर्षं...”

“बाबा, तुम्ही गप्प बसा.”

तेलमान गप्प बसले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा गाडी त्यांना न विचारता सुटली होती.

हायकानुशने खिशावर हात ठेवला. तिला हवं होतं ते सुनेने तिला सगळ्यांसमोर देऊन टाकलं होतं, आणि तरी तिचा हात खिशात जाईना. अर्पेनिकने ते पाहिलं. तिला नवल वाटलं. मग एकाएकी कळलं की आईला सुनेची कबुली नकोच आहे. आईला गोळीच नको आहे. गोळी लागू पडली तर ती लागू पडते असं दिसेल. मग ती आणखी कुणाला लागू पडली असती, हे विचारावं लागेल.

“व्रेझ,” रूझान म्हणाली. “तू काहीतरी बोल.”

व्रेझ म्हणाला, “आई म्हणते ते ताप उतरल्यावर बघू ना.”

अर्पेनिक हसली. तिला आवरलं नाही. “शाबास,” ती म्हणाली. “नाव बदलून घे बाबा तू. सूड घेणं तुझ्याच्याने व्हायचं नाही.” मग ती आईकडे वळली. “आई, हा ताप या घरात नाही म्हणतेस. मग मी कुठल्या घरातली?”

“तुझं काय मध्येच?”

“माझं पोट. नवव्या वर्षापासून. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, असंच, याच खोलीत. तू काय म्हणायचीस?”

“तुझं नाजूक होतं. परीक्षा आली की दुखायचं.”

“उन्हाळ्याच्या सुट्टीत कसली परीक्षा असायची?”

“अर्पेनिक, लोकांसमोर...”

“लोक कुठले? व्याही आहेत. उद्या नातवाचं पोट यांनाही बघायचंय.” ती तेलमानकडे वळली. “गुर्गेनने मला परत का पाठवलं, तुम्हाला काय सांगितलंय हो यांनी? तो पितो म्हणून, असंच ना? गुर्गेनने कधी वाइनसुद्धा प्यायली नाही. त्याच्या आईने दोन वर्षं माझा ताप मोजला आणि म्हणाली, असली बाई पोरं काय देणार. परत आले तेव्हा आईने दारातच सांगितलं, कुणी विचारलं तर तो पितो म्हण. आणि मी म्हटलं. वीस वर्षं म्हणतेय. अजूनही येतो मला ताप. दार लावून घेते आणि डोकं दुखतंय म्हणते. इतकं बेमालूम जमलंय की भावालाही कळलं नाही.”

व्रेझने मान वर केली. ह्राच बाहेर निघायला लागला. त्याच्या हातात अजून पावाचा तुकडा होता.

“थांबा काका,” अर्पेनिक म्हणाली. “तुम्हालाही ठाऊक आहे. सामवेलला हॉस्पिटलात तुम्हीच नेलं होतं.”

ते नाव आजच्या दिवसात अजून कुणी घेतलं नव्हतं. पोराचं नावही सामवेलच, पण त्याला सामो म्हणायचे ते त्याचसाठी, पूर्ण नाव तोंडात येऊ नये म्हणून. थोरला सामवेल, अर्पेनिकच्या पाठचा आणि व्रेझच्या आधीचा, तेविसाव्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. घरात सांगायचे की सैन्यात थंड जमिनीवर झोपवलं म्हणून गेला. सैन्यात जाण्याआधी दहा वर्षं त्याचं पोट दुखायचं, हे कुणी सांगत नसे. शेवटच्या वर्षी त्याच्या पायांवर सूज आली होती. बूट चढेनात, तेव्हा आबांनी, अर्पेनिकच्या वडिलांनी, मोठे बूट आणले होते.

“तो जमिनीमुळे गेला,” हायकानुश म्हणाली.

“हो. आणि त्याच्याबरोबर झोपलेली बाकीची पलटण कुठे पुरली?”

हायकानुशने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओलं फडकं सामोच्या पायांवरून उचललं, घडी करून सुनेच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. गोळ्या खिशातच होत्या.

रूझान बिछान्याच्या कडेला बसून फडकं पिळायला लागली. तेलमाननी टाय काढला. गुंडाळून खिशात ठेवला, आणि लेकीच्या बाजूला उकिडवे बसून नातवाचे पाय चोळायला लागले. अर्पेनिकला वाटलं, टाय काढल्यावर हा माणूस बराचसा माणसासारखा दिसतो.

*

स्वयंपाकघरात हायकानुश वाडगे धूत होती. थंड पाण्याने. खाशचा चिकटा थंड पाण्याने जात नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी ती एकच वाडगा घासत राहिली होती.

अर्पेनिकने किटलीतलं गरम पाणी तसराळ्यात ओतलं आणि शेजारी उभी राहिली. लोकांसमोर बोलली त्याबद्दल शिव्या खायला ती तयार होती. उत्तरंही तयार होती. वीस वर्षांत बरीच साचली होती.

“ही गोळी,” हायकानुशने विचारलं, “तेव्हा होती?”

त्यातलं एकही उत्तर इथे उपयोगाचं नव्हतं.

येरेवानमध्ये रूझान पोराला कपडे चढवत होती, तेव्हा अर्पेनिकने डॉक्टरीणबाईंना नेमका हाच प्रश्न विचारला होता. बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं आणि कुणाबद्दल विचारताय असं न विचारता उत्तर दिलं होतं. ते उत्तर घेऊन ती बसमध्ये रूझानच्या शेजारी बसून आली आणि कुणाला बोलली नाही. आईला एकदा तरी घायाळ करता येईल अशी गोष्ट हाती लागली आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिने ती जपून ठेवली होती. आता आई स्वतःच ती मागत होती, आणि तिचे हात थंड पाण्याने लाल झाले होते.

“होती,” अर्पेनिक म्हणाली.

“इथे?”

“येरेवानला. सामवेल आजारी पडला त्याच्या बरंच आधीपासून देत होते.”

“मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?”

“आपण येरेवानला गेलो कुठे? तू शिसं ओतलंस. आबांनी बूट आणले.”

हायकानुशने वाडगा ठेवला, दुसरा घेतला. “आणि ते निम्मं-निम्मं. सामवेलला आबांकडून निम्मं आलं.”

“हो.”

“आणि उरलेलं?”

अर्पेनिकने धुतलेला वाडगा पुसायला घेतला. आईला हिशेब जमत नाही असा तिचा जन्मभराचा समज होता.

“म्हणजे माझ्याकडून,” हायकानुश म्हणाली. “मी तर ताशच्यानसुद्धा नाही. मी घ्युमरीची. इतकी वर्षं मी यांच्या रक्ताचे गोडवे गात बसले, आणि माझंच...” ती थांबली. “तुझ्यातही?”

“माझ्यातही.”

“व्रेझमध्ये?”

“त्याच्यात एकच निम्मं आलं, तुझ्याकडून किंवा आबांकडून. म्हणून तो बरा आहे. तसंच निम्मं रूझानकडे होतं.”

हायकानुशने हात एप्रनला पुसले. खूप वेळ पुसले. अर्पेनिकला वाटलं आता ती रडेल, आणि ते आपल्याला बघवणार नाही म्हणून तिने तोंड फिरवून चमचे उचलले. पण हायकानुश रडली नाही. ती म्हणाली, “तू मोठ्या आवाजात बोललीस. पोर आजारी आहे घरात,” आणि आतल्या खोलीत गेली.

*

अर्पेनिक दारापर्यंत आली तेव्हा आई बिछान्याशी गुडघे टेकून बसली होती. तिने नळी काढली, झाकण दातांनी उघडलं. गोळी तळहातावर घेऊन तिने सुनेला विचारलं, “एक?”

“एक,” रूझान म्हणाली.

“पाण्याबरोबर?”

“हो.”

सामोने तोंड मिटून घेतलं. त्याने मानेने नाही म्हटलं. तापाने त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“उघड तोंड,” हायकानुश म्हणाली. आवाज नेहमीचाच, बाजारात मटणवाल्याशी बोलावं तसा. “नखरे नकोत. ताशच्यानांची गोळी आहे ही.”

“निम्मी आमची,” तेलमान पायाशी बसल्या बसल्या म्हणाले. त्यांनाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावरच कळलं असावं.

हायकानुशने त्यांच्याकडे मान वळवली. “निम्मी तुमची,” ती म्हणाली. “नाही कुठे म्हणतेय मी. मिरवू नका लगेच.”

सामोने गोळी गिळली, कडू लागली म्हणून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. ताप तसाच होता. तो तसाच राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे त्याच्याकडे बघत बसले.

व्रेझ दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, “ताई, तुलाही आहे हे मला कधी...”

“तू विचारलंस कधी?” अर्पेनिक म्हणाली. त्याने मान खाली घातली. ती पुढे आणखी काहीतरी बोलणार होती, तयारच होतं ते जिभेवर. पण तिने ते सोडून दिलं. “सोमवारी मला येरेवानला सोडायला ये,” ती म्हणाली. “तपासायला रक्त द्यायचंय.”

“बरं,” व्रेझ म्हणाला. आणि मग, कुणी न विचारता, “मी बाईंशी स्वतः बोलतो. काय काय विचारायचं ते सांग मला.”

दुपारी तेलमान निघाले. लेकीला आणि नातवाला न घेता. दारात त्यांनी हात वर केला नाही. “विहीणबाई,” ते म्हणाले, “माझ्या वडलांना एक भाऊ होता. तोही असाच, पोट धरून. लहानपणी गेला. आम्ही त्याचं नाव घेत नाही.”

“काय नाव होतं?”

“हमायाक.”

“हमायाक,” हायकानुश म्हणाली, आणि त्यांच्या हातात लवाशची गुंडाळी दिली.

गाडी वळणाआड गेल्यावर ती अंगणातच उभी राहिली. थंडीत तिने शालही घेतली नव्हती. अर्पेनिक तिला आत बोलवायला बाहेर आली.

“ती डॉक्टरीण,” हायकानुशने विचारलं, “मेलेल्या माणसाचं रक्त तपासते का?”

“नाही, आई.”

हायकानुशने मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं.

“मग माझं तपासू दे,” ती म्हणाली. “सोमवारी मीही येते.”